जुन्या डिझेल ट्रकची तयारी निघण्याच्या आठवड्यात नको

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, जुनी डिझेल वाहने घेऊन लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. ऑइल, फिल्टर, पट्टे, टायर, बॅटरी असे सगळे विषय लेखकाने घेतले आहेत आणि सुट्या सुट्या पाहिल्या तर त्यांतल्या एकाही सूचनेत चूक काढता येणार नाही. एका वाक्यापाशी मात्र मी थांबलो. निघण्याच्या आठवड्यात ट्रक गॅरेजमध्ये देऊन जुने झालेले सगळे भाग एकदम बदलून घ्यावेत आणि तिथूनच निश्चिंतपणे मार्गस्थ व्हावे, असे त्यात सुचवले आहे. माझा तीस वर्षांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे, आणि जो वाचक त्या ओळीवर विसंबून कुटुंबासह निघेल त्याची मला खरोखर काळजी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. पण हा विषय चार ओळींत उरकण्याजोगा नाही.

माझे म्हणणे असे की अशा ट्रकची तयारी निघण्याच्या किमान दोन महिने आधी सुरू करावी, महिनाभर आधी ती पूर्ण करावी, आणि उरलेला महिना प्रवासात जेवढे वजन न्यायचे आहे तेवढे भरून ट्रक नियमित चालवावा. नवा बसवलेला प्रत्येक भाग हा अजून कसोटीला न उतरलेला भाग असतो. रबरी पाइप काही वेळा गरम-थंड झाला की दबतो आणि त्याची क्लिप सैल पडते. नवा पट्टा पहिल्या काही तासांतच ताणून सैल होतो. चाक काढून बसवले असेल तर बैठकीवरचा रंग आणि गंज दबल्यामुळे ८० ते १६० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावे लागतात. नव्या ब्रेक लायनरला ड्रमशी पूर्ण अंगाने टेकायला वेळ लागतो. वॉटर पंप किंवा अल्टरनेटर मुळातच सदोष आला असेल तर तेही बहुधा पहिल्या काही दिवसांतच कळते. यांतले काहीही घराजवळ घडले तर ते तासा-दोन तासांचे काम असते. घाटाच्या मध्यावर, रात्री, सामानाने भरलेल्या ट्रकखाली शिरून तेच काम करणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझा सहा सिलिंडरचा ट्रक घेऊन मी निघणार होतो, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी एका गॅरेजमध्ये वॉटर पंप, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप) आणि रेडिएटरचे सगळे पाइप बदलून घेतले होते. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या पाइपची क्लिप सैल झाली आणि पाणी गळत गेले. चढ लागला तेव्हा तापमानाचा काटा वर जाण्याऐवजी हळूहळू खाली आला, आणि नव्या थर्मोस्टॅटचा हा गुण आहे असे मी समजलो. वस्तुस्थिती अशी असते की तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरे सांगतो. पाण्याची पातळी त्याच्या खाली गेली की त्याच्याभोवती नुसती हवा आणि वाफ उरते, काटा पडतो, आणि नेमके त्याच वेळी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, तापून वाकत असते. माझ्या हेडला चीर गेली आणि आम्ही तीन आठवडे अडकून पडलो. पाइप एकदा तापून निवल्यावर क्लिपा पुन्हा आवळायच्या असतात हे गॅरेजने मला सांगितले नाही. पण चाचणीसाठी एक दिवसही न ठेवता निघण्याचा निर्णय माझा होता.

जुना ट्रक म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर यांत्रिक फ्युएल पंपाचा, संगणकाविना चालणारा ट्रक आहे. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले आणि बॉश कंपनीने १९२७ साली डिझेल पंपाचे कारखानदारी उत्पादन सुरू केले. त्यानंतर कितीतरी दशके या ट्रकांचे मूळ तत्त्व तेच राहिले. ठिणगी नाही, केवळ दाबाने तापलेली हवा आणि नेमक्या क्षणी फवारलेले इंधन. चांगले कॉम्प्रेशन, स्वच्छ इंधन आणि भरपूर हवा एवढे मिळाले की हे इंजिन चालते, आणि इंजिन बंद करणारी झडप विजेवर चालणारी (सोलेनॉइडची) नसेल तर एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेचीही गरज उरत नाही. अशा ट्रकचा मोठा गुण म्हणजे त्याचे दुखणे क्वचितच अचानक येते. धुराचा रंग, सकाळी सुरू होण्यास लागणारा वेळ, ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, ब्रेकचे पेडल यांतून ते आधी कळते. मात्र ते ओळखण्यासाठी त्याच ट्रकसोबत काही काळ काढलेला असावा लागतो, आणि म्हणूनही मी महिनाभराचा आग्रह धरतो.

रोजच्या वापरात ट्रक ठीक चालतो म्हणून तो लांबच्या प्रवासातही ठीक चालेल, हा समज पुष्कळांना असतो. रोजच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत इंजिनातले ऑइल पुरते तापण्याआधीच मुक्काम येतो. सलग आठ-दहा तास वजन घेऊन चालताना गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, चाकांची बेअरिंग आणि टायर यांची उष्णता अशा पातळीला जाऊन तिथेच टिकते, जी त्या भागांनी कित्येक वर्षांत अनुभवलेली नसते. वर्षभर किंचित ओलसर दिसणारे ऑइल सील अशा वेळी गळू लागते, आणि थोड्या ग्रीसवर तग धरून असलेले बेअरिंग जळते.

आता इंधनाविषयी, कारण जुने डिझेल ट्रक रस्त्यात बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण माझ्या मते तेच आहे. सर्वांत फसवी जागा म्हणजे टाकीचा तळ. टाकी अर्धी रिकामी ठेवून ट्रक महिनोन् महिने उभा राहिला की हवेतला ओलावा आत पाणी होऊन जमतो, पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो. जवळच्या फेऱ्यांत हा गाळ तळाशी स्वस्थ असतो. खराब रस्त्यावर तासन् तास टाकी हिंदकळू लागली की तो ढवळून निघतो आणि फिल्टर तुंबतो. लक्षण ठरलेले असते: सपाटीवर ट्रक बरा चालतो, चढावर दम सोडतो, थोडा वेळ थांबून निघालात की पुन्हा काही किलोमीटर बरा चालतो. पुष्कळ जण याला पंपाचा दोष समजून पंप उघडतात. पंपाला हात लावण्याआधी टाकीच्या तळाचा बोल्ट काढून काय बाहेर येते ते पाहावे, गरज वाटल्यास टाकी उतरवून धुऊन घ्यावी, टाकीतल्या शोषण नळीच्या आणि टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या जाळ्या साफ कराव्यात, आणि फिल्टर दोनदा बदलावा, एकदा टाकी साफ केल्यावर आणि दुसऱ्यांदा साधारण ५०० किलोमीटर चालवल्यावर. दुसऱ्या वेळी काढलेला फिल्टर कापून आतला कागद अवश्य पाहावा. तो स्वच्छ निघाला तर टाकीविषयी निश्चिंत होता येते; काळा निघाला तर अजून वेळ आहे, आणि तो वेळ हातात असणे हेच मोलाचे.

इंधनाच्या रबरी नळ्यांकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. आजचे कमी गंधकाचे डिझेल तयार करताना त्यातले काही घटक कमी होतात, आणि जुन्या इंधनात वर्षानुवर्षे फुगून बसलेली रबरी सील नव्या इंधनात आकसतात व झिरपू लागतात. जैवडिझेलाचे मिश्रण जुने रबर मऊ करते आणि टाकीच्या भिंतींवरचा जुना थरही सोडवते. ज्या ट्रकाचा रोटरी पंप आहे त्याच्या अंतर्भागाला वंगण केवळ डिझेलचेच मिळत असल्यामुळे पाणी किंवा वंगण कमी असलेले कोरडे इंधन त्याला लवकर मारते. इनलाइन पंपाचा कॅम ऑइलात चालत असल्यामुळे तो तुलनेने सोशिक असतो. टाकी ते फीड पंप या भागातली गळती जमिनीवर थेंब टाकत नाही, ती आत हवा ओढते. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागणे आणि मग इंजिन अडखळत सुरू होणे, ही बहुतेक वेळा अशा हवेची खूण असते. फीड पंपाच्या आधी चाचणीपुरती पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहिले की शंका फिटते. सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या जास्त दाबाच्या लोखंडी नळ्यांची गळती मात्र कधीही बोटाने चाचपू नये. तिथला फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि ती जखम वरून लहान दिसली तरी बोट गमावण्याइतकी गंभीर असते. पुठ्ठ्याचा तुकडा समोर धरून पाहावे, आणि तसा फवारा लागलाच तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी रिकामी झाल्यावर इंधनाच्या वाटेत शिरलेली हवा (एअर) कशी काढायची हे चालकाने स्वतः घरी दोन-तीनदा करून पाहिलेले असावे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने डिझेल ढकलायचे, बुडबुडे थांबले की स्क्रू बंद करायचा, मग पंपावरचा स्क्रू, आणि तरीही सुरू न झाल्यास नोझलचे नट एकेक सैल करून सेल्फ मारायचा. पाच मिनिटांचे हे काम न येणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुणाची तरी दिवसभर वाट पाहावी लागते.

थंड करण्याच्या व्यवस्थेविषयी एका जुन्या सवयीचा मी स्पष्ट विरोध करतो. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नव्हे. बहुतेक थर्मोस्टॅट ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात, आणि त्या तापमानाखाली सतत चालणाऱ्या डिझेल इंजिनात इंधन पुरते जळत नाही, ऑइलात उतरते, व लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि पिस्टनच्या रिंगा यांची झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि इंजिन अधिकच तापते. तापण्याचे खरे कारण शोधावे: रेडिएटरच्या पंखांत अडकलेली धूळ आणि किडे, आतल्या नळ्यांवर साचलेले क्षार, सरकणारा पट्टा, निकामी फॅन क्लच, किंवा केवळ रेडिएटरचे झाकण. साधे पाणी १ बार जास्तीच्या दाबाखाली सुमारे १२० अंशांना उकळते, म्हणजे झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर जवळजवळ २० अंशांची राखीव ताकद गेली. हे झाकण एवढे लहान आणि साधे दिसते की ते कुणी तपासत नाही. मी तरी लांबच्या प्रवासाआधी ते नवेच बसवतो, आणि अर्थात महिनाभर आधी.

ओले लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाण्याने वेढलेले लायनर, असलेल्या इंजिनात नुसते पाणी भरणे विशेष घातक असते, आणि याची माहिती पुष्कळ चालकांना नसते. ज्वलनाच्या धक्क्याने लायनर कंप पावतो, त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात अतिसूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उचलतो. कालांतराने लायनरला टाचणीएवढे आरपार भोक पडते व पाणी ऑइलात जाते. डिझेल इंजिनासाठीच्या कूलंटमधील द्रव्ये लायनरवर संरक्षक थर धरून हे थांबवतात. कूलंट आणि क्षारविरहित पाणी समप्रमाणात मिसळावे; हेच मिश्रण कडाक्याच्या थंडीतही इंजिन गोठू देत नाही.

ऑइलच्या बाबतीत पट्टी वाचायला शिकले म्हणजे अर्धे काम झाले. डिझेल इंजिनाचे ऑइल बदलल्यावर थोड्याच वेळात काळे दिसते, त्यात चिंतेचे काही नाही. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी कमी न होता वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा, पंपाचे सील किंवा नोझल दोषी आहे, आणि असा ट्रक घेऊन निघू नये. इंजिन तापलेले असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. किंचित वाफ येणे जुन्या इंजिनात स्वाभाविक आहे. झाकण उडू लागले किंवा धुराचा झोत धडधडत आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंग आणि लायनर संपत आले आहेत. धुराचाही अर्थ ठरलेला असतो. जोर लावताना निघणारा काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे सांगतो, आणि तिथे पहिला संशय एअर फिल्टरवर घ्यावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंड इंजिनात काही काळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासावे लागेल. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) अंतर थंड इंजिनावर किंवा निर्मात्याने जसे सांगितले असेल तशा स्थितीत लावून घ्यावे. त्याने सुरू होण्यात आणि आवाजात पडणारा फरक लगेच जाणवतो.

टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेल्या जुन्या इंजिनाबाबत एक गोष्ट प्रत्येक चालकाला माहीत असलीच पाहिजे. टर्बोचे सील गेले की इंजिनाचेच ऑइल हवेच्या वाटेने सिलिंडरात जाते, आणि इंजिन ते इंधन म्हणून जाळत स्वतःहून वेग घेऊ लागते. किल्ली फिरवून किंवा डिझेल बंद करून ते थांबत नाही, कारण डिझेल ते मागतच नसते. हवा तोडणे हाच उपाय उरतो, आणि त्यासाठी एअर इनटेकचे तोंड पूर्ण झाकेल अशी जाड, सपाट फळी ट्रकमध्ये ठेवावी. हात किंवा कापड तिथे कधीही नेऊ नये. ट्रक चालत असेल तर वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून इंजिन गुदमरवता येते. तयारीच्या महिन्यात टर्बोच्या आउटलेटचा पाइप उघडून आत ओले ऑइल साचले आहे का आणि शाफ्ट हाताने हलतो का एवढे पाहिले, तरी या प्रसंगाची शक्यता पुष्कळच कमी होते.

इंजिन बंद पडले तर प्रवास थांबतो. ब्रेक आणि चाके बिघडली तर जीव जातो. तरीही तयारीचा बहुतेक वेळ आणि खर्च इंजिनावर होतो, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. हायड्रॉलिक ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे असताना २०५ अंशांना उकळणारे डॉट ३ प्रतीचे ऑइल ओलावा धरल्यावर १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि लांब उतारावर ते उकळले की पेडल फरशीला टेकते. ते सगळे काढून नवे भरावे व प्रत्येक चाकाच्या ब्रेकच्या नळीतली हवा काढावी. हवेचे ब्रेक असतील तर टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढावे. पाण्यासोबत बरेच ऑइल आले तर कॉम्प्रेसरच्या रिंग झिजल्या आहेत. मग टाक्या पूर्ण भरून, चाकांखाली ठोकळे लावून, इंजिन बंद करावे, हँडब्रेक सोडावा, पेडल दाबून धरावे आणि काट्याकडे पाहावे. ट्रेलर न जोडलेल्या ट्रकात एका मिनिटात ३ पीएसआयहून जास्त घट झाली तर गळती शोधलीच पाहिजे. त्यानंतर पेडल पुन्हा पुन्हा दाबून दाब उतरवावा आणि धोक्याची सूचना वेळेवर वाजते का ते पाहावे. बहुतेक व्यवस्थांत ती ४ ते ५ बारच्या दरम्यान यायला हवी. प्रत्येक चाकाच्या स्लॅक अॅडजस्टरची (ब्रेकचे अंतर जुळवणाऱ्या दांड्याची) चाल सारखी असावी, नाही तर एक-दोन चाकेच सगळा भार घेतात आणि त्यांचे ड्रम तापून ब्रेक विरतात. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारा) असेल तर त्याची झडप काजळीने अडकलेली नाही ना, हेही पाहून घ्यावे.

चाके उतरवलीच आहेत तर हब उघडून बेअरिंग धुवावीत, त्यांचे रोलर आणि कड्या निळसर किंवा खडबडीत झाल्या आहेत का ते उजेडात पाहावे, नवे ग्रीस भरावे आणि सील बदलावे. हाताने सेट करायच्या बेअरिंगला साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर एवढाच प्ले (मोकळेपणा) ठेवतात. घट्ट आवळलेले बेअरिंग सैल बेअरिंगइतकेच, किंबहुना जास्त लवकर जळते. पुष्कळ जुन्या ट्रकांत डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेला मदतनीस नट सोडवताना तो अधिकच आवळत राहतो आणि स्टड मोडतो, म्हणून आपल्या ट्रकचे आटे कोणत्या बाजूला कसे आहेत ते आधी पाहून ठेवावे.

टायरचे वय त्याच्या नक्षीवरून कळत नाही. कडेवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार अंक पाहावेत. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला आहे. कमी चाललेल्या जुन्या ट्रकांचे टायर नक्षीने नवे आणि वयाने म्हातारे असतात, आणि सतत उष्णतेत त्यांच्या वरची रबरी नक्षीची पट्टी सुटते. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर, कितीही चांगले दिसले तरी, वापरू नयेत. स्टेपनीला हाच नियम लागू आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा मोजणे त्रासाचे असते म्हणून ती मोजली जात नाही. आतला टायर बसला तर बाहेरचा दुप्पट वजन वाहतो आणि तोही फुटतो. जोडीतल्या दोन्ही टायरांचा घेर सारखा असावा, आणि दोघांमध्ये दगड अडकलेला नाही हे रोज पाहावे. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढून टाकणे ही चूक आहे.

स्टीअरिंग आणि पाट्यांविषयी (स्प्रिंगांविषयी) थोडक्यात लिहितो, कारण ते कोणताही चांगला मिस्त्री पाहतो. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवले की किंगपिनचा (चाक ज्या खिळीवर वळते तिचा) प्ले कळतो, आडवे हलवले की टाय रॉडच्या सांध्यांचा. पाट्यांत चीर, सरकलेला सेंटर बोल्ट, सैल यू बोल्ट आणि झिजलेले बुश पाहावेत. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून तपासावेत आणि ग्रीस भरताना ते चारही टोकांतून बाहेर येते की नाही ते पाहावे. गिअरबॉक्स व डिफरेन्शियलचे ऑइल बदलताना त्यांच्या श्वास घेण्याच्या नळ्या मोकळ्या कराव्यात. त्या तुंबल्या की आतला दाब ऑइल सीलमधून बाहेर ढकलतो, आणि नवे सील टाकूनही गळती थांबत नाही.

विजेच्या बाबतीत डिझेलचा खरा भार सेल्फवर असतो. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. २४ व्होल्टच्या ट्रकात दोन्ही बॅटऱ्या एकाच वयाच्या आणि एकाच क्षमतेच्या असाव्यात. एक नवी आणि एक जुनी जोडली तर जुनी नवीलाही घेऊन जाते. बॅटरी चांगली असून सेल्फ मंद फिरत असेल तर सेल्फ उघडण्याआधी इंजिन आणि चासी यांमधली अर्थिंगची पट्टी काढून घासावी. माझ्या पाहण्यात अशा तक्रारींपैकी निम्म्या तरी तेवढ्यानेच सुटल्या आहेत.

प्रवासाचा मार्ग उंच डोंगरांतून जात असेल तर हे लक्षात ठेवावे की समुद्रसपाटीपासून १००० मीटरवर हवा सुमारे १० टक्के आणि ३००० मीटरवर सुमारे २५ टक्के विरळ असते. टर्बो नसलेला जुना ट्रक तिथे तेवढाच दम गमावतो आणि काळा धूर टाकतो. हा दोष नाही, आणि त्यासाठी पंपाच्या सेटिंगला हात लावू नये. खालचा गिअर घेऊन सावकाश चढावे, आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रोधावर उतरावे. कडक थंडीच्या प्रदेशात शिरण्याआधी तिथलेच हिवाळी डिझेल टाकीत भरावे, कारण उष्ण प्रदेशात भरलेल्या डिझेलमधले मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करते.

सोबत काय न्यावे याची यादी ज्याने त्याने आपल्या ट्रकच्या स्वभावानुसार करावी. मी डिझेल फिल्टर दोन, पट्ट्यांचा पूर्ण संच, वरचा आणि खालचा पाइप, क्लिपा, तांब्याचे वायसर, इंधनाची नळी, चाकाचे बेअरिंग सीलसह, पुरेसे ऑइल, कूलंट आणि पाणी नेतो. पट्टे आणि पाइप बदलताना उतरवलेले जुने भाग चांगल्या स्थितीत असतील तर तेच राखीव म्हणून ठेवतो, कारण ते बसतात हे निश्चित ठाऊक असते. नवीन डब्यातला भाग आपल्याच इंजिनाचा आहे, हे तो प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय खरे मानू नये. भरलेल्या ट्रकाचे वजन उचलणारा जॅक, त्याखाली ठेवायची जाड फळी, चाकांचे ठोकळे आणि नटांना पुरेल एवढा लांब टॉमी (नट सोडवायचा दांडा) यांचा उपयोग घरीच करून पाहावा.

चाचणीच्या महिन्यात निदान दोन फेऱ्या दिवसभराच्या, पूर्ण वजनाच्या आणि एका तरी मोठ्या चढाच्या असाव्यात. पहिल्या १०० किलोमीटरांनंतर थांबून चाकांचे नट आणि पाइपांच्या क्लिपा आवळाव्यात. क्लिपांना हात घालण्याआधी इंजिन निवू द्यावे आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर हाताची मागची बाजू प्रत्येक हबच्या आणि ड्रमच्या जवळ न्यावी. सगळे सारखे गरम असतील तर ठीक. एखादे चाक त्याच्या जोडीदारापेक्षा स्पष्ट जास्त तापलेले असेल तर एक तर त्याचा ब्रेक धरून आहे किंवा बेअरिंग जात आहे. ट्रकखाली रात्री पुठ्ठा अंथरून सकाळी त्यावर कुठे, कशाचे आणि किती थेंब पडले ते एका वहीत लिहावे, सोबत पाणी, ऑइल आणि डिझेलचा हिशेबही. चार आठवड्यांच्या या नोंदींतून आपल्या ट्रकला १००० किलोमीटरमागे किती ऑइल लागते हे कळते, आणि प्रवासात त्याहून जास्त लागू लागले तर ते त्याच दिवशी लक्षात येते.

त्या लेखातील ‘निघण्याच्या आठवड्यात’ हे शब्द बदलून ‘निघण्याच्या किमान महिनाभर आधी’ असे करावेत आणि तशी दुरुस्ती पुढच्या रविवारच्या पुरवणीत ठळकपणे छापावी, अशी माझी आपणांस आणि लेखकांस नम्र विनंती आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक आणि जुन्या डिझेल ट्रकचा मालक